प्रवेश परीक्षेचा ड्यूटी-चार्ट

परीक्षेला चौऱ्याहत्तर दिवस उरले होते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं सातवं वेळापत्रक पसरलेलं होतं. आधीच्या सहांचं काय झालं ते न विचारलेलंच बरं. एक तिसऱ्याच दिवशी फाडलं गेलं, एकाच्या पाठीवर मुलीने हत्ती काढला, आणि बाकीची चार कपाटात कपड्यांच्या घडीखाली गुन्ह्याच्या पुराव्यासारखी दडवलेली होती. सातवं मात्र देखणं होतं. पाच विषयांना पाच रंग. पहाटे साडेचारला निळा, सहाला हिरवा, दुपारी लाल, संध्याकाळी केशरी, मग जांभळा, आणि झोपायच्या आधी पुन्हा निळा. पट्टी लावून आखलेलं, कुठेही खाडाखोड नाही.

ती चौतीस वर्षांची होती. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करत होती. रक्ताच्या नळ्या यायच्या, ती त्या यंत्रात लावायची, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि रिपोर्टच्या तळाशी सही करायची. ती सही हाच तिचा मोठेपणा होता. डॉक्टर तिला ओळखत नसत, पण तिच्या सहीवर विसंबून पेशंटला औषध देत. पंधरवड्यापूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी भिंतीवर एक कागद लावला होता. येत्या शैक्षणिक वर्षापासून रिपोर्टवर सही फक्त पदव्युत्तर पदवी असलेल्यांनी करायची. पदवी नसेल तर निदान त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला हवा. बाकीच्यांनी खालच्या मजल्यावर, रक्त घ्यायच्या खिडकीत बसायचं. रक्त घेणं हलकं काम होतं असं नाही. पण अकरा वर्षं वर काढून पुन्हा खाली उतरायचं, आणि कालपरवा लागलेल्या मुलीने सही केलेले रिपोर्ट वाटायचे, हे तिला सोसणारं नव्हतं.

प्रवेश परीक्षा तिने याआधी दोनदा दिली होती. दोन्ही वेळा हुकली होती.

मागच्या वर्षी निकाल लागला तेव्हा नवऱ्याचा फोन आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्यातरी बाराव्या मजल्यावरून बोलत होता. "किती पडले?" त्याने विचारलं. पडले होते चौतीस. लागत होते एकसष्ट. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "एकोणसाठ. दोन मार्कांनी हुकलं." का बोलली, ते तिलाही कळलं नाही. शब्द निघाला आणि परत घेता येईना. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे झालं होतं. नणंदेने फोन करून अर्धा तास समजूत काढली. शेजारीण म्हणाली, दोन मार्क म्हणजे काय, पुढच्या वेळी नक्की. आणि ती प्रत्येकाचं सांत्वन मान खाली घालून ऐकत राहिली. चौतीस मार्कांचं दुःख तिला एकटीलाच करायचं होतं, त्यात वर या खोट्या दुःखाचा पाहुणचार.

तर ते सातवं वेळापत्रक टेबलावर असताना सासूबाई चहा घ्यायला आल्या. सासूबाई बसच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं ड्यूटी-चार्ट लावायच्या. एकशे चाळीस ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर, नव्वद गाड्या. कुणी कुठली फेरी कधी न्यायची, कोण रजेवर, कुणाची बायको बाळंत, कुणाला पहाटेची गाडी दिली तर तो हमखास उशिरा येणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण अजूनही घरात कुणी दार उघडून बाहेर पडलं की त्या आधी घड्याळाकडे बघत.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद जवळ ओढला.

"हे कुणासाठी केलंयस?"

"माझ्यासाठीच, आई."

"तुझ्यासाठी नाही हे. या बाईला मूल नाही, नोकरी नाही, नवरा नाही, आणि तिला झोपही लागत नाही. कोण आहे ही?"

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळ्यांत पाणीही आलं. सासूबाईंनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"असं कर," त्या म्हणाल्या, "एक आठवडा काही आखू नकोस. फक्त लिहून ठेव. कितीला उठलीस, बसला किती वेळ गेला, चिमणीचं आवरण्यात किती, आणि पुस्तक घेऊन खरोखर किती मिनिटं बसलीस. खरोखर हं. पुस्तक मांडीवर आणि डोळे फोनवर, ते धरायचं नाही."

तिने लिहिलं. आठवड्याने सासूबाईंनी बेरीज केली, सातने भागलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. दिवसाला दोन तास दहा मिनिटं. तिने वेळापत्रकात धरले होते साडेसहा तास.

"एवढेच?"

"एवढेच. पण हे खरे आहेत. माझ्याकडे नव्वद गाड्या होत्या ना, तर त्यातल्या अकरा रोज कारखान्यात उभ्या असायच्या. नवीन साहेब आला की नव्वद गाड्यांचा चार्ट मागायचा. मी एकोणऐंशीचाच द्यायची." मग त्यांनी पेन उचललं. "आता सांग. कमी कुठे पडतेस?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. चहाची कपबशी उचलत ती म्हणाली, "तशी सगळीकडे थोडी थोडी. दोनच मार्कांचा तर प्रश्न आहे."

"मग फार ओढाताण नको. सगळ्याची एकेक उजळणी करू. दोन मार्क त्यातच निघतील."

आणि त्या हिशेबाने चार्ट लागला. सकाळी बसमध्ये चाळीस मिनिटं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस, संध्याकाळी मुलीला आजीकडे देऊन सत्तर. रविवारी सकाळचे दोन तास मुद्दाम रिकामे. आठवड्यात जे राहील ते तिथे भरायचं. सासूबाई त्याला स्पेअर गाडी म्हणायच्या. चार्ट फ्रीजवर चिकटला.

आणि तो चालला! हेच तर वाईट झालं. तीन आठवडे ती ठरलेल्या वेळी बसत होती, ठरलेलं वाचत होती, खूण करत होती. जीवरसायनाच्या पुस्तकाचा पहिला भाग तर तिला पाठच होता, रोज हातांनी तेच करत होती. ते वाचताना किती बरं वाटायचं! पुस्तक मिटून बाजूने पाहिलं की पहिली शंभर पानं हाताळून काळपट झालेली दिसायची आणि पुढची चारशे पांढरीशुभ्र. ते तिला दिसत नव्हतं असं नाही. पण रोज खूण पडत होती, घरात कौतुक होत होतं, आणि खूण पडतेय म्हणजे अभ्यास होतोय, असं तिने स्वतःला पटवलं होतं.

परीक्षेला सेहेचाळीस दिवस असताना, रविवारी सकाळी, ती वाचनालयात जाऊन बसली आणि घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली. शंभर प्रश्न, दोन तास. बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीच्याला पाव मार्क वजा. मग उत्तरांचा कागद काढून तपासलं. सेहेचाळीस बरोबर, छत्तीस चूक, अठरा सोडलेले. सेहेचाळीसातून नऊ गेले.

सदतीस.

तिने बेरीज तीनदा केली. चौथ्यांदा प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला, अगदी शाळेतल्यासारखी उभी मांडणी करून केली. सदतीसच आले. समोर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, पान उलटताना आवाज होत होता, आणि प्रत्येक आवाजाला तिला दचकायला होत होतं. एक वर्ष गेलं, तीन आठवडे नेमाने अभ्यास झाला, आणि वाढले किती? तीन.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "बरा."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा डोकं जागेवर नव्हतंच. नमुन्यांच्या नळ्यांवर बारकोडची चिठ्ठी लावायची असते. हे काम ती झोपेतही करू शकली असती. साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ तंत्रज्ञाने, ज्यांना सगळे काका म्हणत, तिच्या समोरच्या स्टँडमधून दोन नळ्या उचलल्या आणि त्या तिच्या डोळ्यांपुढे धरल्या.

"यावरचं नाव बघ. आणि यावरचं."

चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. त्यातला एक पेशंट दुपारी शस्त्रक्रियेला जाणार होता, त्याला रक्त चढवायचं होतं. चुकीच्या गटाचं रक्त गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. काकांनी दोन्ही नळ्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकल्या आणि खालून नवे नमुने मागवले.

"अकरा वर्षांत तुझ्या हातून असं झालेलं नाही," ते हळूच म्हणाले. "जा, तोंड धुऊन ये."

ती तोंड धुवायला गेली नाही. सामानाच्या खोलीत गेली, रसायनांच्या खोक्यांच्या मधल्या फटीत खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. आजवर ही नोकरी जाईल म्हणून भीती वाटत होती. आज वाटलं, जावीच. जी बाई माणूस मारू शकते तिने सही कशाला करायची? मग तिला परीक्षेचा निकाल दिसायला लागला. पुन्हा फोन येणार, "किती पडले?" आणि ती चक्क मनात ठरवायला लागली की या वेळी किती सांगायचे. दोन मार्क मागच्या वर्षी झाले. या वेळी एक? की या वेळी पेपरच कठीण होता म्हणायचं? आकडा पटेल असा हवा. साठ म्हणावं का?

आपण काय करतोय हे लक्षात आलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. सदतीस मार्कांनी ती एवढी हादरली नव्हती. इथे खोक्यांमध्ये बसून पुढच्या वर्षीचं खोटं नीटनेटकं आखून ठेवणाऱ्या बाईला मात्र ती घाबरली.

त्या संध्याकाळी नवरा लवकर आला होता. मुलगी त्याच्या मांडीवर बसून रंगवत होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. ती आली, पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाही.

"मागच्या वर्षी मला एकोणसाठ पडले नव्हते," ती म्हणाली. "चौतीस पडले होते. आणि काल सदतीस पडले."

मुलीने वर पाहिलं आणि पुन्हा रंगवायला लागली.

"मग ते दोन मार्क?" नवऱ्याने विचारलं.

"नव्हतेच."

"मी सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "साइटवर सांगितलं. ताईला सांगितलं. दोन मार्कांनी हुकली म्हणून मी वर्षभर तुझ्या बाजूने भांडत होतो." त्याने मुलीला मांडीवरून खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सासूबाई उठल्या, फ्रीजवरचा चार्ट काढला, त्याची घडी केली. "म्हणजे एकवीस दिवस मी भलत्याच रस्त्याला गाड्या सोडल्या," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

मंगळवार तसाच गेला. घरात भांड्यांचे आवाज तेवढे होत होते. नवरा तिच्याशी बोलत होता, पण गरजेपुरतं. दूध आणलंय, दार लावून घे, असलं. बुधवारी ती दुपारची घरी आली तेव्हा टेबलावर तिची प्रश्नपत्रिका उघडी होती आणि सासूबाई रेघा मारलेला कागद घेऊन बसल्या होत्या. ती प्रश्नपत्रिका त्यांनी तिच्या पिशवीतून काढली होती, हे उघड होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "मला यातलं अक्षर कळत नाही. पण गाडी उशिरा आली की आम्ही कारण लिहून घ्यायचो. टायर, रस्ता, की ड्रायव्हर. नुसतं 'उशीर झाला' चालायचं नाही. हे छत्तीस का चुकले, ते एकेक सांग."

"आई, तुम्ही रागावलायत ना?"

"रागावलेय. पहिला प्रश्न कुठला?"

दोन तास लागले. एकेका प्रश्नाला ती आठवून सांगत होती, सासूबाई तीन रकान्यांत काड्या मारत होत्या. संपल्यावर मोजल्या. अकरा प्रश्न येत होते, पण नीट वाचले नव्हते. 'यांपैकी कोणते नाही' यातला 'नाही' नजरेतून सुटला होता, नाहीतर दशांशचिन्ह. चौदा ठिकाणी काहीच येत नव्हतं आणि तरी अंदाजाने गोळी मारली होती. उरलेले अकरा कधीतरी वाचलेलं, विसरलेलं.

ती कागदाकडे बघत राहिली. चौदा गोळ्या मारल्या नसत्या तर साडेतीन मार्क वाचले असते. अकरा प्रश्न नीट वाचले असते तर अकरा मिळाले असते, वर पावणेतीन कापले गेले नसते. तिने पेन घेऊन बेरीज केली. एकही नवं पान न वाचता चोपन्न होत होते.

"चोपन्न," ती म्हणाली.

"लागतात किती?"

"मागच्या वर्षी एकसष्ट."

"मग सात नवे मिळवायचे. ते कुठून?"

दोन विषय अगदीच कच्चे होते. जनुकशास्त्रात वीसपैकी पाच, संख्याशास्त्रात तीन. दोन्ही करावे लागतील, असं ती म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली.

"गाड्या कमी असल्या की सगळ्या फेऱ्या उशिरा सोडायच्या नाहीत. एक फेरी रद्दच करायची आणि फलकावर तसं लिहायचं. लोक शिव्या देतात. पण बाकीच्या गाड्या वेळेवर जातात. कुठली रद्द करू?"

जनुकशास्त्र तिला कॉलेजपासून आवडायचं. पुढे शिकायचं ते त्याच्यासाठीच, असं तिने विसाव्या वर्षी ठरवलं होतं. पण तो विषय समुद्रासारखा होता, आणि संख्याशास्त्रात मोजून आठ प्रकारची गणितं येत होती. आठ प्रकार त्रेचाळीस दिवसांत शिकता येतात.

"जनुकशास्त्र," ती म्हणाली.

सासूबाईंनी त्या ओळीवर रेघ मारली. मग नवा चार्ट लागला. बसमध्ये वाचायचं नाही, फक्त चुकांची वही चाळायची. संध्याकाळची सत्तर मिनिटं संख्याशास्त्राला. जीवरसायनाचं पुस्तक कपाटावर, वर, हात पोचणार नाही तिथे. आणि दर रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका. मार्क जे पडतील ते त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगायचे.

पहिल्या रविवारी त्रेचाळीस पडले. नवरा टीव्हीकडे बघत होता. तिने आकडा सांगितला. त्याने हात पुढे केला. कागद दे, या अर्थाने. तिने दिला. त्याने एकेक खूण बोटाने मोजली, बेरीज केली आणि कागद परत दिला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काय बोलणार? ही वेळ तिने स्वतःच आणली होती.

परीक्षेला एकतीस दिवस असताना मुलीला कांजिण्या आल्या. सासूबाईंना लहानपणी त्या झाल्या नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरात राहू नका म्हणून बजावलं. त्या आपल्या बहिणीकडे गेल्या. आता मुलगी आजीकडे द्यायची सोयच राहिली नाही. नऊ दिवस पोरगी तापाने फणफणत होती, अंग खाजवत होती, रडत होती. ती अर्धे दिवस रजा घेऊन, अर्धे दिवस नवऱ्याच्या भरवशावर मुलीला टाकून कशीबशी निभावत होती. चार्टवरच्या चौकोनांत एकही खूण नव्हती. चौथ्या दिवशी तिने सासूबाईंना फोन केला आणि बोलायच्या आधीच रडायला लागली.

"स्पेअर किती वापरल्यास?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्या. काही उरलं नाही आई. मला नाही जमणार हे. मी फॉर्म भरलाच नाही असं समजते."

"रड तू. मी धरते फोन."

त्यांनी खरंच धरला. मग म्हणाल्या, "आठ प्रकार झाले का गणितांचे?"

"पाच."

"तीन सोडून दे. पाचच पक्के कर. आणि चिमणीला झोपवताना गोष्टीऐवजी प्रश्न वाच, तिला काय कळतंय."

मुलीच्या अंगाला औषध लावता लावता ती मोठ्याने प्रश्न वाचू लागली. मुलगी डोळे मिटून प्रत्येक प्रश्नाला "ब!" म्हणायची. त्यातले काही बरोबर यायचे, तेव्हा तापातही तिला भलताच आनंद व्हायचा.

त्यानंतरच्या रविवारी अठ्ठेचाळीस पडले आणि तिला वाटलं, जमेल. पुढच्या रविवारी पंचेचाळीस. वाढायचे सोडून घसरले होते, आणि दिवस उरले होते अकरा. कागद नवऱ्याकडे देताना ती त्याच्याकडे बघूही शकली नाही. तो मोजत होता. मग पुन्हा मोजू लागला. मग पेन मागितलं.

"पंचेचाळीस नाहीत," तो म्हणाला. "सेहेचाळीस आहेत. सतरावा बरोबर आहे, तू चूक धरलायस."

एका मार्काने काही होणार नव्हतं. पण त्या आठवड्यात तो तिच्याशी आपणहून बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं, आणि ती ते अकरा दिवस जपून वापरत राहिली.

परीक्षा एका शाळेत होती. बाक लहान होते, गुडघे वर येत होते. तिने प्रत्येक प्रश्नातल्या 'नाही'भोवती गोल केला. जनुकशास्त्राची वीस प्रश्नांची पानं आली तेव्हा तिने फक्त तीन सोडवले आणि बाकीचे सतरा कोरे ठेवून पान उलटलं. हे लिहायला सोपं आहे. शेजारची मुलं भराभर गोल भरत असताना, वेळ शिल्लक असताना, हातात पेन असताना कोऱ्या जागा कोऱ्या ठेवायच्या, याला तिला जेवढा जोर लागला तेवढा अख्ख्या अभ्यासाला लागला नव्हता. शेवटच्या पाच मिनिटांत तिने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला.

निकाल लागला तेव्हा ती प्रयोगशाळेत नव्हती, घरी होती. सत्तावन्न. या वर्षी लागत होते साठ. प्रतीक्षा यादीत चौदावा नंबर.

नवरा दारातून आत आला. "किती?"

"सत्तावन्न. साठ लागत होते." तिने फोन पुढे धरला. त्याने पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "सदतीसाचे सत्तावन्न," आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तीन मार्क कमी ते कमीच होते. त्या रात्री ती पोटभर रडली, पण या वेळी दार बंद करून नाही.

तीन याद्या लागल्या. यादी नवव्या नंबरपर्यंत सरकली आणि थांबली. चार जागा उरल्या होत्या. त्यांसाठी एका सकाळी दहा वाजता सगळ्यांनी समक्ष हजर राहायचं होतं. तीनदा नाव पुकारलं जाईल, जो नसेल त्याची जागा पुढच्याला. म्हणजे दहा, अकरा, बारा, तेरा या चारही नंबरांची माणसं आली, तर तिचं संपलं. त्यांतलं कुणीतरी एक येऊ नये. एवढंच तिला हवं होतं, आणि असं कुणाचं वाईट चिंतत आपण एका बाकावर बसलोय याची तिला लाज वाटत होती. शेजारी एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिचा नंबर पंधरावा होता.

कारकुनाने दहावं नाव घेतलं. एक मुलगा उठला. अकरावं घेतलं. एक बाई उठली. बारावं घेतलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. जिन्यात पावलं वाजली आणि तिने डोळे मिटून घेतले; पण तो फायली घेऊन आलेला शिपाई होता. तिसऱ्यांदा घेतलं. कारकुनाने रेघ मारली. तेरावा होता, तो आधीपासून दारातच उभा होता. आणि मग कारकुनाने तिचं नाव घेतलं. तिला उठता येईना. पंधराव्या नंबरच्या मुलीनेच तिच्या कोपराला धरून उठवलं.

बाराव्या नंबरवर कोण होतं, त्याची बस चुकली, की त्याला दुसरीकडे जागा मिळाली, की तो घरी तापाने पडला होता, हे तिला कधीच कळलं नाही. कागदपत्रं देऊन, तीन ठिकाणी शिक्के मारून ती बाहेर आली तेव्हा पंधराव्या नंबरची मुलगी अजून बाकावरच बसली होती. तिला काय म्हणायचं? ती शेजारी जाऊन बसली. मुलगी म्हणाली, "अभिनंदन, ताई," आणि मग तोंड फिरवून रडायला लागली. ती तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. पुढच्या वर्षी नक्की, असं एकदाही म्हणाली नाही.

मुलगी गेल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. मागे कुठल्यातरी लिफ्टची मोटर घरघरत होती.

"मिळाला," ती म्हणाली. "शेवटची जागा. सोमवारपासून संध्याकाळची तुकडी."

"नक्की ना?" त्याने विचारलं.

"पावती आहे हातात. फोटो पाठवू का?"

मोटर थांबली. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"नको," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, घसा साफ करून, "बरं, पाठव. ताईला पाठवतो. आणि या वेळी आकडा किती तो मीच सांगतो तिला."